वाणाची एक डबी

मला फटाक्यांची भीती वाटते, हे कंपनीने नोकरीवर घेताना विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. विचारायचं कारणच नव्हतं. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं वर्कशॉप आहे. टीव्ही मालिकांना लागणारं सामान आम्ही पुरवतो. तंबू, जुन्या पेट्या, होड्या, लाकडी दरवाजे, बोथट तलवारी. मी खरेदी बघते. खिळ्यापासून उंटाच्या खोगिरापर्यंत जे लागेल ते स्वस्तात शोधायचं आणि वेळेवर आणायचं. भीती बाळगायचीच तर साहेबांची, बाकी कशाची नाही.

पण भित्री मी आहेच. लहानपणी दिवाळीत मी पहाटेपासून गोधडीखाली असायची आणि घरातले बाहेरून 'झाला गं, झाला शेवटचा' असं म्हणत नवा सुतळी बॉम्ब लावायचे. चाळिशी उलटली तरी त्यात फरक नाही. हिवाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे, दोह्याजवळच्या वक्र्याला राहायला आल्या की घरात दचकणाऱ्या दोघी होतात. कुकरची शिट्टी झाली की दोघी एकदम 'अगं बाई!' म्हणतो आणि माझी मुलगी खिदळत सुटते. त्यांना रक्तदाबही आहे. नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नोकरीला, महिन्यातले निम्मे दिवस तिकडेच. तेव्हा धीर द्यायला घरात कोणी असेलच असं नाही.

त्या जानेवारीत रमजानच्या एका मालिकेचं काम आलं. मोती काढणाऱ्यांच्या जुन्या गावावर चाचे हल्ला करतात, गावकरी ठासणीच्या बंदुका घेऊन उभे राहतात, एक छोटी तोफही आहे. गोळ्या नसल्या तरी धूर आणि आवाज खरा हवा, असा दिग्दर्शकाचा हट्ट. म्हणजे बंदुकीची दारू खरी, ती काळी पूड. परवानगी, कुलपातली पेटी, पहारा, सगळं रीतसर होतं आणि या सगळ्याचा धनी होता एक इजिप्शियन म्हातारा. पूर्वी फौजेत होता. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. त्याच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. ती कुठे गेली हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

उस्तादने पहिल्याच दिवशी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, मला छोट्या डब्या पाहिजेत. एकसारख्या. घट्ट झाकणाच्या."

सेटवर मोठ्या डब्यातून पूड ओतायची नाही, हा त्याचा नियम. एक ठिणगी उडाली तर सगळा डबा जाईल. म्हणून प्रत्येक बाराची पूड आधीच दूर बसून मोजून एकेका डबीत बंद करायची. बार उडवायच्या वेळी माणसाने एकच डबी उघडायची. त्यासाठीच्या तयार नळ्या परदेशातून मागवल्या होत्या, पण त्या ईदनंतर पोचल्या असत्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. स्वस्तात काहीतरी बघा, म्हणाले. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

"ती पूड पेटली तर काय होतं?" मी विचारून ठेवलं.

"उघडी असेल तर भडकते, तोंड घेऊन जाते," उस्ताद म्हणाला. "बंद असेल तर हात घेऊन जाते." मग माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. "भिऊ नको. पाणी पडलं की खलास."

ते वाक्य मी ताईत बांधावा तसं मनाशी बांधून ठेवलं.

एशियन टाउनचा सगळा बाजार मी पालथा घातला. औषधाच्या दुकानातून गोळ्यांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणल्या. उस्तादने एक बाटली बाहीवर घासली आणि कागदाच्या कपट्याजवळ धरली. कपटा उडी मारून बाटलीला चिकटला. "अशीच ठिणगी उडते," म्हणत त्याने बाटली मला परत दिली. मसाल्याच्या पत्र्याच्या डब्या आणल्या, तर पत्र्यावर पत्रा घासतो म्हणून त्या नापास. काचेच्या बाटल्यांकडे त्याने नुसतं पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. फोटो स्टुडिओत जाऊन फिल्मच्या रोलच्या डब्या मागितल्या, तर काउंटरवरच्या माणसाला मी कुठल्या जमान्यातून आले आहे असं वाटलं असणार.

त्याच फेऱ्यांत सासूबाईंचंही एक काम होतं. त्यांचा बुक्का संपला होता. रोज सकाळ-संध्याकाळ देवाला बुक्का वाहायचा आणि मग चिमूटभर स्वतःच्या कपाळाला लावायचा, ही त्यांची कितीतरी वर्षांची सवय. या खेपेला पुडी साताऱ्यालाच राहिली होती. एशियन टाउनमध्ये हळद, कुंकू, अष्टगंध, अगदी जानवंसुद्धा मिळालं, बुक्का कुठेच नाही. "नाही तर नाही," त्या म्हणाल्या. पण रोज पूजा झाली की त्यांची बोटं सवयीने त्या रिकाम्या वाटीकडे जायची आणि परत यायची. मला ते दिसायचं. पण माझ्या डोक्यात डब्या होत्या.

आणि डब्या निघाल्या माझ्याच पलंगाखाली. आमच्या इथल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. या वर्षी प्लास्टिकचं वाण द्यायचं नाही, असं मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी ठरवलं होतं. म्हणून पुण्याहून कोणाच्या तरी बॅगेतून पुठ्ठ्याच्या गोल डब्यांचं खोकं आलं होतं आणि ते माझ्याकडे ठेवलं होतं. मुठीत मावेल एवढी डबी, जाड पुठ्ठा, खोल बसणारं झाकण आणि झाकणाला जरीची किनार. मी एक डबी उस्तादकडे नेली. त्याने ती हलवली, उलटी केली, हुंगली.

"तमाम! एकदम ठीक," तो म्हणाला. "ही जरीची किनार कशाला?"

"आमच्या बायकांची हौस," मी म्हटलं.

अध्यक्षीणबाईंना फोन केला. निम्म्या डब्या न्या, पण हळदीकुंकवाआधी परत पाहिजेत, असं त्यांनी बजावलं. कशाला पाहिजेत ते मी सांगितलं नाही, फक्त 'शूटिंगला' म्हटलं. वापरून झाल्या की आतून पुसायच्या आणि वाण म्हणून द्यायच्या. यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलंच नाही. डबी ती डबी. आपल्याकडे आइस्क्रीमच्या डब्यात आयुष्यभर कढीपत्ता राहतो.

शूटिंग अल रुवैसच्याही पलीकडे, समुद्राकाठच्या एका पडक्या वस्तीत होतं. पहिल्या दिवशी मला जावं लागलं. उस्ताद लांब एका तंबूत बसून पितळी मापाने पूड डब्यांत भरत होता. भरलेल्या प्रत्येक डबीच्या झाकणावर तो लाल चिकटपट्टी लावायचा. बार उडवणाऱ्याने ऐन वेळी पट्टी फाडायची, पूड ओतायची आणि डबी खोक्यात टाकायची. पट्टी आहे ती भरलेली, पट्टी नाही ती रिकामी. पहिला बार उडाला तेव्हा मी गाडीत, काचा वर, कानात बोटं, आणि तरीही छातीत धक्का बसला. धुराचा वास थेट नरकचतुर्दशीच्या सकाळचा होता. उस्तादने लांबून हात हलवला. मी हलवला नाही, माझे हात कानात होते.

शेवटच्या दिवशी दुपारी वारा सुटला. वाळू उडायला लागली, कॅमेरे झाकले गेले, शेवटचा बार रद्द झाला. "यल्ला, यल्ला!" करत सगळे सामान गोळा करायला लागले. उरलेली पूड घेऊन उस्ताद पहाऱ्याच्या गाडीतून लगेच निघून गेला. रिकाम्या डब्यांचं खोकं कोणीतरी माझ्या गाडीत आणून टाकलं, कारण त्या माझ्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी ऑफिसला जाताना खोकं सासूबाईंपुढे ठेवलं. "आई, ऑफिसला वापरायला दिल्या होत्या. आतून पुसून घ्या आणि तिळगूळ भरा." रिकामी डबी वाण म्हणून देत नाहीत, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी आले तेव्हा निम्म्या भरून झाल्या होत्या आणि तिळगूळ संपला होता. बाकीच्या तशाच घेऊन मी शुक्रवारी दुपारी अध्यक्षीणबाईंकडे गेले. तिथे आम्ही बायका काळ्या साड्या नेसून, एकीकडे फोटो काढत, उरलेल्या डब्यांत हलवा भरत होतो. कोण भरतंय, कोण झाकण लावतंय, पत्ता नव्हता. हाताला जड लागली की भरलेली समजून ताटात ठेवायची, असा कारभार. हळदीकुंकू छान झालं. एकेक डबी घेऊन बायका घरी गेल्या.

शनिवारी दुपारी जेवणं होत होती तेव्हा उस्तादचा फोन आला.

"मॅडम, तुझ्या डब्या कुठे आहेत?"

"का?"

"एक बार कमी आहे. मी गाडी बघितली, तंबू बघितला. शेवटचा बार रद्द झाला तेव्हा त्या माणसाने पट्टी फाडली होती. वारा आला. तो म्हणतो, डबी खोक्यात टाकली. रिकाम्यांत." तो थांबला. "भरलेली."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मी ताटात ठेवला, एवढं आठवतं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली. पोलीस, व्हिसा, मुलीची शाळा, नवऱ्याची नोकरी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि मग एक स्वयंपाकघर दिसलं. कोणाचं ते कळत नव्हतं. गॅस पेटलेला, वर कढई, शेजारी जरीच्या किनारीची डबी, आणि आत काय आहे बघू म्हणून वाकलेली बाई. त्यापुढे व्हिसा वगैरे सगळं विरून गेलं. उघडी असेल तर तोंड घेऊन जाते.

"मगरिबपर्यंत शोध," उस्ताद म्हणाला. "मग मला वर कळवावं लागेल. ते येतील, घरोघर बघतील. मिळाली तर माझ्याकडे आणू नको, गाडीत ठेवू नको. पाणी. समजलं?"

सूर्य मावळायला फार वेळ नव्हता, जानेवारीतला दिवस तो. आणि सूर्य मावळला की आमच्या प्रत्येक घरात काय होतं? दिवेलागण. प्रत्येक घरात निरांजन, उदबत्ती, काडी.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय सांगायचं? बंदुकीची दारू म्हटलं असतं तर त्या तिथल्या तिथे आडव्या झाल्या असत्या. मागच्याच आठवड्यात डॉक्टरने त्यांची गोळी वाढवली होती. मी होईल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "आई, परवा डब्या पुसताना एखादीत काही घाण, कचरा वगैरे नव्हता ना?"

"कचरा कुठला?" त्या म्हणाल्या. "एकेक उघडून, पुसून भरली. कचरा असता तर मी तशीच भरली असती होय?"

म्हणजे त्यांनी भरलेल्यांत नव्हती. उरलेल्यांत होती, ज्या जड लागल्या की ताटात जात होत्या. मी पर्स उचलली. मुलीला म्हटलं, आजीजवळ थांब. ती म्हणाली, "ममा, व्हाय आर यू शेकिंग?" मी लिफ्टकडे पळाले.

अध्यक्षीणबाईंच्या घरी जाऊन त्यांना मी खरं सांगितलं. त्या गोऱ्यापान बाई, ऐकता ऐकता पिठासारख्या पांढऱ्या झाल्या. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या नुसत्याच खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, माझ्या हाताने वाटल्या मी."

ग्रुपवर काय लिहायचं यावरून आमचं भांडण झालं. 'डबी उघडू नका' असं लिहिलं तर सगळ्याजणी आधी उघडणार, यावर मात्र दोघींचं एकमत होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'पुठ्ठ्याला बुरशी लागलेली आढळली आहे. डब्या आहेत तशाच आत्ताच्या आत्ता आणून द्या. बदली स्टीलची वाटी मिळेल.' स्टील वाचल्यावर बायका धावतच आल्या.

मी त्यांच्या बाल्कनीत बादलीभर पाणी घेऊन बसले. अध्यक्षीणबाई दारातून डबी आणून द्यायच्या आणि काचेचं दार लावून आत उभ्या राहायच्या. मी एकटी बाहेर. दर वेळी झाकण वर उचलताना मी मान वळवायची, म्हणजे लागलंच तर एकाच गालाला लागेल. हलवा. तिळगूळ. हलवा. एका डबीचं झाकण इतकं घट्ट बसलं होतं की मला वाटलं, हीच. जोराने ओढायची भीती, न ओढून भागणार नाही. हात घामाने निसरडे झाले होते. शेवटी ती तशीच बंद पाण्यात बुडवली आणि पुठ्ठा मऊ पडल्यावर सोलली. पाण्यात पांढरा हलवा विरघळत गेला. मी रडायला लागले. भीतीने रडत होते, आणि एकीकडे रागानेही. उस्तादवर, वाऱ्यावर, त्या पट्टी फाडणाऱ्यावर, डब्या स्वस्तात बघा म्हणणाऱ्या साहेबांवर.

एकच डबी यायची राहिली होती. शहरातल्या नजमा भागात राहणारी एक नवी बाई, फोन उचलत नव्हती. मी गाडी काढली. प्रत्येक सिग्नल लाल. खाली उतरलेला सूर्य डोळ्यांत येत होता आणि मी त्याला हात जोडून, थांब रे बाबा, म्हणत होते. बाईने दार उघडलं तेव्हा तिच्या कमरेला पदर खोचलेला, आतून फोडणीचा वास. फोन चार्जिंगला होता म्हणे. डबी? ती काय, गॅसजवळ. मी तिला बाजूला सारून आत गेले. गॅस बंद केला, डबी उचलली, तर आत खुळखुळ वाजलं. उघडली. आत आगकाड्या होत्या.

"छान मापाची आहे ना?" ती म्हणाली. "बरोब्बर मावतात."

मी तिच्या ओट्याला धरून उभी राहिले. ती डबी नव्हती ही. पण ती असती तर? काड्या भरायला म्हणून तिने उघडली असती तर? आणि ही नव्हती तर आता कुठे शोधायचं? माझ्याकडे जाण्यासारखं एकही घर उरलं नव्हतं. सगळ्या डब्या बघून झाल्या होत्या आणि ती कुठेच नव्हती.

वक्र्याला परत येईपर्यंत आकाश तांबडं झालं होतं. मशिदीतून बांग सुरू झाली. उस्तादला फोन करायचा, सांगायचं की नाही मिळाली, कळव. पुढे जे होईल ते होईल. निदान मुलीला एकदा जवळ घेते आणि मग फोन करते, असं ठरवून मी बेल वाजवली.

मुलीने दार उघडलं. तिच्या कपाळावर काळा टिळा होता.

"ममा, इट्स सो इची," ती नाक मुरडून म्हणाली. "आजीने लावला. फील्स लाइक सँड."

माझ्या डोक्यात काही शिरलं नाही आधी. मी तिच्या कपाळावरून बोट फिरवलं. बुक्का मऊ असतो, बोटाला काजळासारखा लागतो. हे कण होते, चमकणारे. उस्तादच्या पितळी मापातून पडताना पाहिलेले.

हॉलच्या कोपऱ्यात देव्हारा आहे. सासूबाई पाटावर बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ. निरांजन लागलेलं होतं. त्याच्या शेजारी, वीतभरही अंतर नाही, जरीच्या किनारीची डबी उघडी होती. त्यांच्या ओठांत शुभंकरोती चाललेलं होतं आणि उजव्या हाताची बोटं डबीकडे निघाली होती.

ओरडायचं नाही. एवढं एकच मला कळत होतं. ओरडले तर त्या दचकणार, दचकल्या तर हात उडणार, आणि डबी ज्योतीवर पडणार. मी मुलीला दाराबाहेर ढकललं आणि लिफ्टपाशी उभी राहा म्हटलं. चपला काढल्या. ती खोली मी रोज शंभरदा ओलांडते, पण त्या संध्याकाळी ती संपत नव्हती. मी त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि अगदी हळू म्हटलं, "आई, थांबा. आधी मला नमस्कार करू दे."

त्या हसून बाजूला सरकल्या. हात थांबला. मी वाकले आणि वाकता वाकता दोन्ही तळव्यांत डबी झाकून घेतली. ज्योतीची ऊब मनगटाला लागली. तशीच मागे सरकले, उठले, न्हाणीघरात गेले आणि डबी बादलीत बुडवून नळ पूर्ण सोडला. काळं पाणी वर आलं. ओला पंचा घेऊन परत आले आणि देव्हारा पुसायला लागले. ताम्हन, देव, पाटाची कड, सगळीकडे ते कण सांडलेले होते. पंच्यातलं पाणी निरांजनात गेलं आणि वात चरचरून विझली.

"अगं, दिवा!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "आणि बुक्का पाण्यात घातलास? असं काय करतेस?"

मी त्यांच्या कपाळावर ओला पंचा फिरवत होते आणि त्या माझा हात धरून थांबवत होत्या.

"डब्यांत ठेवून आणलास ना माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, पोरीने एवढा शोधला, मिळाल्यावर सांगायचं राहिलं. वास नव्हता त्याला, जरा भरड पण होता, पण इथे आपल्यासारखा कुठून मिळणार? मला इतकं बरं वाटलं गं. दोन दिवस देवाला वाहतेय, कपाळावर मात्र टिकत नव्हता म्हणून आज ओल्या बोटाने लावला. काल चिमूटभर वातीवर पडला तर केवढ्यांदा फुरफुरला! मी म्हटलं, देवाला पावला."

मी खाली बसले. फरशीवर, ओल्यातच. आणि सगळं सांगितलं. ठासणीच्या बंदुका, लाल पट्टी, वारा, बाल्कनीतली बादली, नजम्यातल्या आगकाड्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा अर्धा दिवस मी सगळं दोहा पालथं घातलं होतं आणि डबी इथे होती, त्यांच्या ज्योतीला लागून.

त्या ऐकत उभ्या होत्या. ऐकता ऐकता त्यांनी स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरून पाहिली. मग न्हाणीघरात जाऊन साबणाने हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. बाहेर जाऊन नातीला घेऊन आल्या, तिचं कपाळ धुतलं. मी उस्तादला फोन केला. मिळाली, पाण्यात घातली, म्हटलं. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "अल्हमदुलिल्लाह. कुठे होती?"

"देवापुढे," मी म्हटलं.

सासूबाई माझ्यासमोर पाटावर येऊन बसल्या. त्यांचे ओठ थरथरत होते. मला वाटलं, आता रक्तदाब. मी गोळी आणायला उठणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"दुपारी मला विचारलंस, कचरा होता का," त्या म्हणाल्या. "बुक्क्याला मी कचरा म्हणेन का? नीट का नाही विचारलंस?"

"तुम्ही घाबरला असता, आई."

"घाबरले असते की. आत्ता घाबरले नाही का? पण तू सांगितलं तरी असतंस." त्यांनी नातीकडे पाहिलं. "तू तिकडे परक्यांच्या डब्या उघडत फिरलीस आणि मी इथे पोरीला शेजारी बसवून दिवा लावला."

मग त्यांनी नवी वात वळली, तेलात भिजवली, निरांजनात ठेवली. काड्यापेटी माझ्या हातात दिली आणि त्या मागे सरकल्या. पहिली काडी माझ्या हातून ओढलीच गेली नाही. दुसरी पेटली, पण हात इतका हलत होता की वातीपर्यंत पोचायच्या आत विझली. सासूबाईंनी माझ्या मनगटाखाली आपला हात धरला. तोही तेवढाच थरथरत होता.